ओवीचं काम

जात्यावरचं दळण मऊ उतरायला तीन गोष्टी जमाव्या लागतात. दगडाला टाकी ताजी हवी, वैरण बेताची पडायला हवी आणि खुंटा एकसारखा फिरायला हवा. टाकी लावणारे गावोगाव हिंडत. तळ्या गुळगुळीत झाल्या की छिन्नी-हातोडी घेऊन दगडाच्या अंगावर पुन्हा बारीक खळगे पाडून द्यायचे. वैरण म्हणजे जात्याच्या तोंडात सोडायची धान्याची मूठ. ती मोठी पडली की भरडा निघतो, पडलीच नाही की दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. हे दोन्ही सांभाळता येतं. तिसरं अवघड. रात्र सरायच्या आत उठायचं, अंगात कालच्या शेतकामाची ठणक असताना जात्याला बसायचं आणि तास-दीड तास, घरात पाहुणे असले तर त्याहून जास्त वेळ, हात एका चालीत ठेवायचा. झोपेनं मान कलंडली की चाल तुटते. समोर दुसरी बाई असेल तर तिची ओढ आणि आपली ओढ एका वेळी पडावी लागते, नाहीतर खांदे भरून येतात आणि दळण सरत नाही.

हे तिसरं काम ओवी करायची.

ओवीबद्दल लिहिताना आपण बहुतेक वेळा तिच्यातल्या काव्यापासून सुरुवात करतो. माहेरची ओढ, भावाची वाट, तुळशीचं कौतुक. ते सगळं तिच्यात आहे आणि अस्सल आहे. तरी मला आधी तिच्या कामाबद्दल बोलायचं आहे. कलेचा विषय निघाला की ती पोट भरल्यानंतरची गोष्ट, असं धरून चालायची आपल्याला सवय लागली आहे. ज्याला फुरसत आहे त्यानं गावं, ज्याच्या भिंती पक्क्या आहेत त्यानं चित्रं लावावीत. ओवी भाकरीच्या आधीची आहे. चूल पेटलेली नसायची, पीठ व्हायचं असायचं आणि ओवी सुरू झालेली असायची. ज्या बायांना दिवसभरात स्वतःचा असा घटकाभर वेळ मिळत नव्हता, त्यांनी मराठीतलं सगळ्यात मोठं गाणं रचलं, आणि ते रचलं कष्टाच्या मधोमध बसून.

दळण रोजचं का, हेही सांगायला हवं. बाजरीचं पीठ चार-सहा दिवसांत कडवट होतं. ज्वारीचं शिळं पीठ थापताना भाकरीला चिरा जातात. देशावरच्या घरांत पिठाचा साठा करून ठेवण्याची सोयच नव्हती. लागेल तसं दळायचं, बहुधा रोजच्या रोज. कोकणात भात कांडायचं, तिथं उखळ-मुसळाची चाल वेगळी आणि गाणंही त्या चालीचं. खानदेशात जात्याला घरोटा म्हणतात. बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) याच घरोट्यावर, शेतात आणि चुलीपुढे आपली कविता रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी ती टिपून घेतली आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपानं आली. महाराष्ट्र थक्क झाला. पण बहिणाबाई जिथं बसून रचत होत्या तिथं, त्याच वेळी, गावोगावच्या हजारो बाया रचत बसलेल्या होत्या. त्यांच्या घरात सोपानदेव नव्हते, एवढंच.

ओवीची घडण कामातून कशी येते ते जात्यापाशी बसल्याशिवाय नीट कळत नाही. छापलेल्या पुस्तकात ती दोन ओळींची दिसते, शेवटी यमक जुळलेली. प्रत्यक्षात ती बरीच लांब असते. एक बाई पहिली ओळ सांगते, दुसरी तीच ओळ उचलते. मधे ‘गं बाई’सारखे शब्द येतात, ओळ मागेपुढे होते, तिचे तुकडे पुन्हा येतात. वाचताना ही भर वाटते, म्हणून संपादक ती गाळतात. गाणाऱ्या बाईला मात्र ती हवीच असते. दुसरी ओळ उचलते तेवढ्यात पहिलीला श्वास घेता येतो, एका हातानं वैरण घालता येते आणि पुढची ओळ मनात जुळवता येते. रचणं आणि दळणं एकाच वेळी चालतं ते या उसंतीमुळे. पाठ केलेल्या ओव्या असतातच, आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेल्या. पण त्यांच्यात आपली एक सरकवायची मुभा प्रत्येकीला असते. काल भाऊ येऊन गेला, आज पहाटे तो ओवीत आला. समोरची ती उचलते आणि पुढच्या पहाटे आपल्या भावाचं नाव घालून सांगते. या गाण्यात मूळ प्रत आणि नक्कल असा भेद करता येत नाही.

ही रीत किती जुनी आहे याचा एक भक्कम दाखला आहे. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतरची, १२९० सालची. ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ लोकांच्या भाषेत सांगायला घेतला, तेव्हा छंद घेतला तो ओवीचा. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांचं नातं नेमकं कसं, याची चर्चा अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की आपल्या भाषेतला सगळ्यात आदरानं वाचला जाणारा ग्रंथ ज्या नावाच्या छंदात आहे, ते नाव त्याआधी बायांच्या कामाच्या गाण्याचं म्हणून नोंदलेलं आहे. जनाबाईंच्या कथेत तर खुद्द विठ्ठल जात्याला हात लावायला येतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून जातं दाखवतात, आणि वारीला आलेल्या बाया त्याचा खुंटा फिरवून पुढे जातात.

हाताला चाल देणं हे ओवीचं पहिलं काम. दुसरं काम मनातलं बोलायला जागा देण्याचं, आणि ते पहिल्यापेक्षा धोक्याचं होतं.

सासरच्या घरात सुनेनं उलट बोलायचं नाही, सासऱ्यांसमोर यायचं नाही, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच घरात पहाटेच्या शांततेत, सासू आतल्या खोलीत जागी असताना, तीच सून जात्याला उद्देशून सगळं सांगते. जात्याला ती देव म्हणते, आई म्हणते, आणि त्याच्याकडे गाऱ्हाणं मांडते. माहेरी पाठवत नाहीत, हातात बांगडी नाही, नवऱ्याचं लक्ष दुसरीकडे आहे, बापानं बघून दिलं नाही. आतल्या खोलीत ऐकू जातं. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं, की ही तर जुनी ओवी आहे, माझ्या आईची. समोर खुंट्याला बसलेली जाऊ किंवा नणंद तीच ओळ उचलते तेव्हा त्या गाऱ्हाण्याला साक्षीदार मिळतो. पंचायतीत बाईला बोलता येत नव्हतं, तिथं हा एवढा एक रस्ता होता.

सीतेच्या ओव्या मला या दृष्टीनं सगळ्यात धीट वाटतात. देवळातल्या रामकथेत रामाची बाजू आधी येते. जात्यावरच्या रामायणात वनवास आहे तो सीतेचा. तिला गरोदरपणी रानात सोडलं, तिचं बाळंतपण कुणी केलं, रडताना तिची समजूत काढायला बोरी-बाभळींशिवाय कोण होतं, हे प्रश्न तिथं विचारले जातात. ज्या बाया रामनवमीला पाळणा हलवत, त्याच दुसऱ्या पहाटे हे विचारत. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तारा भवाळकर यांनी आयुष्यभर हीच गोष्ट मांडली. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘स्त्रीमुक्तीचा आत्मस्वर’ आहे. स्त्रीमुक्तीचा विचार शहरी आणि पुस्तकी असल्याचा आक्षेप आजही ऐकू येतो. त्याला जात्यावरच्या सीतेइतकं पुराव्याचं उत्तर दुसरं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या अठ्ठ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी भवाळकर होत्या याचा मला म्हणूनच विशेष आनंद झाला.

सत्तेला या गाण्याची ताकद कळत होती. गोव्यात इन्क्विझिशननं १७३६ साली एक जाहीरनामा काढला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांच्या घरी कोणकोणत्या जुन्या चाली पाळायच्या नाहीत त्याची लांबलचक यादी त्यात आहे. अंगणात तुळस लावायची नाही, लग्नात हळद लावायची नाही, आणि ओव्या गायच्या नाहीत. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या आपल्या ग्रंथात या जाहीरनाम्याची माहिती दिली आहे. देवळं पाडून, पोथ्या जाळून झाल्यावरसुद्धा घरातल्या बायांचं गाणं शिल्लक राहतं, आणि तेवढ्यानं माणसं आपल्या जुन्या नात्यागोत्याला धरून राहतात, हे त्या न्यायासनाला उमगलं होतं. गाणं निव्वळ मनोरंजन असतं तर बंदी घालण्याचे कष्ट कुणी घेतले नसते. पुढे काय झालं? गोव्याच्या ख्रिस्ती समाजात लग्नाची गाणी टिकली, कोकणीतून, वेगळ्या नावानं आणि येशू-मारियेच्या स्मरणासह.

असाच बदल आपल्याकडे विसाव्या शतकात झाला, पण तो लादलेला नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यांच्या मागे लाखोंनी घेतली. घरातले देव गेले. जातं राहिलं, कारण भाकरी लागतच होती. मग विठ्ठल-रखुमाईच्या जागी बुद्ध आले, भीमराव आले, रमाई आली. चाल तीच, यमक तेच. भीमराव कधी भाऊ झाले, कधी बाप झाले, रमाई घरातली थोरली सून झाली. चवदार तळं, दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबर १९५६ चं दुःख ओवीत आलं. ज्या बायांपर्यंत वर्तमानपत्र पोचत नव्हतं त्यांनी बाबासाहेबांचं चरित्र आपल्या लेकींना जात्यावर शिकवलं. आंबेडकरी जलशांबद्दल आपण बरंच वाचतो आणि ते योग्यच आहे. जलसा चौकात होई, त्यात पुरुष जास्त. घराच्या आत हेच काम ओवी करत होती आणि त्याची दखल फार उशिरा घेतली गेली.

ती घेतली गेली याचं बरंचसं श्रेय गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांना जातं. प्वातवँ (१९३४–२००४) जन्मानं फ्रेंच. ते पुण्यात येऊन राहिले आणि भारतीय नागरिक झाले. १९८० च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी खेड्यांत गरीब डोंगरी संघटनेचं काम करताना त्यांच्या सोबतच्या गावकरी बायांनी ओव्या गोळा करायला घेतल्या. मला यातली पद्धत महत्त्वाची वाटते. गोळा करणाऱ्या बाया त्याच भागातल्या, स्वतः जात्यावर बसलेल्या. बैठकीत एखादा विषय निघाला, मुलीचं शिक्षण किंवा नवऱ्याची मारहाण, की त्यावरच्या ओव्या आठवल्या जात आणि त्या धरून बोलणं सुरू होई. लाजणारी बाई भाषणानं बोलती होत नाही. ओवीनं होते, कारण ओवी तिची आहे. पुढे काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञ संगीत-अभ्यासकाच्या मदतीनं १९९० च्या दशकात सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं २०१७ पासून हा ठेवा पुन्हा बाहेर आणला, ध्वनिफिती, चित्रफिती आणि गाणारणीच्या ओळखीसह.

गाणारणीची ओळख लिहिणं ही मोठी गोष्ट आहे. याआधी संग्रह झाले नव्हते असं नाही. साने गुरुजींनी स्वातंत्र्यापूर्वीच ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्यांचं मोठं भांडार मराठीला दिलं, आणि त्यांच्याइतक्या मायेनं ओवीकडे कुणी पाहिलेलं नाही. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली लोकसाहित्य समितीनं खंडामागून खंड काढले. पण तिथं ओवी ‘लोकांची’ आहे, सांगणारी बाई दिसत नाही. नव्या संग्रहात तिचं नाव, गाव आणि जातही नोंदलेली असते. वीस-वीस वर्षांनी त्या गावी परत गेलेल्या कार्यकर्त्यांना काही गाणारणी भेटल्या, काही गेलेल्या होत्या, आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी तो आवाज ऐकला.

एवढं सगळं सांगितल्यावर जात्याबद्दल हळहळ करावी असं कुणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. जात्यावर उमर घालवलेल्या कुठल्याही बाईला विचारून पाहा. गिरणी आली तो दिवस तिला चांगला आठवतो. आधी डिझेल इंजिनाची, मग विजेची. पोटुशी असताना दळावं लागायचं, बाळंतपणानंतर अंग धरलं नसताना दळावं लागायचं. खांद्याचं, पाठीचं दुखणं जन्माचं. गिरणीनं त्यांच्या पहाटा मोकळ्या केल्या, आणि ते ऋण फार मोठं आहे. गिरणीवर रांग असायची, बाया तिथंही भेटायच्या, पण पट्ट्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात गाणं शक्य नव्हतं. काम गेलं तशी ओवीची जागा गेली. मोट गेली तशी मोटेवरची गाणी गेली. मळणीयंत्र आलं आणि भलरी थांबली. पाळणा मात्र चालू आहे, फ्लॅटमध्येही आणि अमेरिकेतल्या मराठी घरातही. बाळाला निजवण्याचं काम अजून यंत्राकडे गेलेलं नाही. लोककला जपण्याच्या नावाखाली चाललेल्या बऱ्याच धडपडीत हा साधा विचार सुटतो. महोत्सवाच्या मंचावर नऊवारी नेसून, थर्माकोलच्या जात्याभोवती बसून म्हटलेली ओवी ऐकायला गोड वाटते. तिला चालवायला दगड नसतो, चोरून सांगायला काही नसतं, आणि पलीकडच्या खोलीत कुणी कान देऊन ऐकत नसतं.

ओवीला अजून खरं काम आहे अशी एक जागा मात्र उरली आहे, आणि ती म्हणजे लग्नघर. हळदीच्या आधी अडगळीतलं जातं बाहेर काढतात, धुतात, त्याला हळदीकुंकू लावतात, आंब्याचा डहाळा बांधतात. हळकुंडं दळतात, उखळात मुसळ घालून घाणा भरतात. रीती जागोजागी निराळ्या, पण गाणं सगळीकडे लागतं. पुष्कळ घरांत आता पाच वेढे फिरवले की झालं. तरी तेवढ्या पाच वेढ्यांत घरातल्या दोन-तीन पिढ्यांच्या बाया एका दगडाभोवती येतात, नव्या मुली चुकतमाकत ओळ उचलतात, आणि लग्न हा दोन कुटुंबांनी मिळून करायचा उद्योग आहे हे केटररपेक्षा तिथं जास्त जाणवतं.

इथंच मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट आहे. घाण्याला बसतात त्या सवाष्णी. विधवेला तिथं जागा नाही.

रोजच्या जात्यानं हा भेद कधी केला नव्हता. नवरा गेलेल्या बाईला दळणापासून कुणी थांबवलं नाही. उलट एकत्र घरात जास्तीचं दळण तिच्याच वाट्याला यायचं. दळण-कांडण करून तिनं मुलं वाढवली हे वाक्य महाराष्ट्रातल्या कितीतरी कर्त्या माणसांच्या आठवणींत आईबद्दल येतं, आणि ती आई बहुतेक वेळा विधवा असते. तिच्या ओव्या सगळ्यात खोल आहेत. कुंकवाबद्दल, गेलेल्या माणसाबद्दल, दिरा-जावांच्या घरातल्या आपल्या जागेबद्दल तिनं जे सांगितलं ते संग्रहांमध्ये पानोपानी आहे. कामाच्या जात्यानं तिला बसू दिलं. काम संपून विधी उरला तेव्हा त्यानं तिला बाहेर केलं. कला रोजच्या जगण्यातून उठून फक्त समारंभात राहिली की तिचा दरवाजा असा अरुंद होतो, आणि तो कुणासाठी बंद होतो हे आधीच ठरलेलं असतं.

आता हिशेब असा पडतो. ज्यांनी खरोखर जात्यावर दळलं त्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्या वयाच्या बायांमध्ये विधवांचं प्रमाण मोठं. घरात सगळ्यात जास्त ओव्या जिला येतात ती आजी बहुधा याच गटातली असते. घाण्याच्या वेळी ती माजघराच्या दारात, नाहीतर मागच्या ओळीत बसते. पुढे बसलेल्या सुना-लेकींना दुसरी ओळ आठवत नाही, मग मोबाइलवर गाणं लावतात.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात बंद. राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं सुचवलं, आणि पाठोपाठ अनेक गावांनी तसे ठराव केले. ठराव कागदावर होतो. तो अमलात यायचा तर घरातल्या बायांनी एखाद्या ठरलेल्या दिवशी, पाहुण्यांसमोर, काहीतरी वेगळं करून दाखवावं लागतं. घाण्यासारखी दुसरी जागा मला दिसत नाही. तिथं भटजीचा संबंध नाही, पुरुषांचा नाही. कुणी बसायचं हे बायाच ठरवतात आणि बायाच बदलू शकतात.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतील. जातं धुऊन मांडलं की आधी आजीला बोलवा, तिला खुंट्याला बसवा, आणि पहिली ओवी तिला सांगू द्या. बाकीच्यांनी ओळ उचलायची आहे.